पोस्टमास्तर दोषी आहे का? एका कथाचर्चेचा प्रकरण अभ्यास

पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा साहित्याचा वर्ग. चर्चेला घेतलेली कथा रवींद्रनाथ टागोरांची ‘पोस्टमास्तर’, मराठी अनुवादातून. मुलं कथा घरून वाचून आली होती आणि प्रत्येकाच्या हातात तिची झेरॉक्स होती. लागोपाठ दोन तासिका मिळाल्या होत्या. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या सहकारी. मी मागच्या बाकावर बसून टिपणं घेत होतो. कथेवरची चर्चा वर्गात नेमकी कुठे अडते आणि ती कशाने सुटते, हे त्या दिवशी फार स्वच्छ दिसलं. म्हणून हा प्रसंग तपशिलात मांडतो आहे.

कथा थोडक्यात

ही कथा १८९१ मध्ये ‘हितवादी’ या बंगाली साप्ताहिकात आली. कलकत्त्याचा एक तरुण उलापूर नावाच्या लहानशा गावात पोस्टमास्तर म्हणून येतो. जवळच निळीची कोठी आहे आणि तिथल्या साहेबाने खटपट करून हे नवं पोस्ट ऑफिस आणवलेलं आहे. पोस्टमास्तरला गावात करमत नाही. रतन नावाची बारा-तेरा वर्षांची अनाथ मुलगी त्याची वरकामं करते आणि त्याबदल्यात तिला थोडंफार जेवायला मिळतं. संध्याकाळी तो तिला हाक मारून बसवतो, आपल्या आईच्या आणि बहिणीच्या आठवणी सांगतो. हळूहळू रतन त्याच्या घरच्या माणसांबद्दल आपल्याच नात्यातल्या माणसांसारखं बोलू लागते. एका पावसाळी दुपारपासून तो तिला अक्षरं शिकवायला घेतो आणि थोड्याच दिवसांत ती जोडाक्षरांपर्यंत पोचते.

मग तो आजारी पडतो. रतन वैद्याला बोलावते, वेळेवर औषध देते, रात्रभर उशाशी बसून राहते. बरा झाल्यावर तो बदलीचा अर्ज करतो, तो नामंजूर होतो, तेव्हा तो सरळ राजीनामा देतो. रतन विचारते, मला तुमच्या घरी न्याल का? तो हसून म्हणतो, ते कसं शक्य आहे! निघताना वाटखर्च ठेवून उरलेला पगार तो तिला देऊ करतो. ती त्याचे पाय धरते, मला काही नको म्हणते आणि पळून जाते. नाव सुटते. त्यानंतर जे दीड-दोन परिच्छेद येतात, त्यांच्यावरच पुढची सगळी चर्चा रंगली.

चर्चा अडली ती जागा

मॅडमनी सुरुवातीचा प्रश्न मोकळा ठेवला: कथा वाचून काय वाटलं? पहिलं उत्तर आलं, “पोस्टमास्तर स्वार्थी आहे.” पाठोपाठ दुसरं, “त्याचा काय दोष? तो काय करणार होता?” पाचेक मिनिटांत वर्गाचे दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, गरज होती तोवर मुलीला वापरून घेतलं आणि मग टाकून दिलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, त्या काळात एक अविवाहित तरुण परक्या मुलीला घरी कसा नेणार, लोक काय म्हणाले असते? आवाज चढले, वर्ग जिवंत वाटत होता. दारावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, काय छान चर्चा चालली आहे.

मला मात्र बसल्याजागी एक गोष्ट खटकत होती. इतका वेळ बोलणं चाललं, पण एकानेही हातातली झेरॉक्स उघडली नव्हती. जे चाललं होतं ते कथेचा सारांश ऐकलेल्या माणसालाही करता आलं असतं. पोस्टमास्तर नावाच्या कोणा ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं, तसं सगळे बोलत होते.

केंब्रिजमध्ये इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव झाकून कविता दिल्या, त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेतले आणि त्या अभिप्रायांचा अभ्यास १९२९ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यांना आढळलेल्या अडचणींपैकी एक होती तयार प्रतिक्रियांची. म्हणजे विषय दिसताच मनात आधीपासून साठलेली भावना बाहेर येते आणि समोरची कविता वाचायचीच राहून जाते. कथेच्या वर्गात या तयार प्रतिक्रियेचं सगळ्यात लाडकं रूप म्हणजे निकाल: हा चांगला, तो वाईट, हिच्यावर अन्याय झाला. निकाल देण्यात गैर काहीच नाही, वाचक म्हणून आपण सगळेच तो देतो. अडचण एवढीच की तो फार लवकर येतो, आणि एकदा आला की वाचण्याचं काम संपल्यासारखं वाटतं.

“वाक्य दाखवा”

मॅडमनी वाद थांबवला नाही की कोणाची बाजू घेतली नाही. त्यांनी फळ्यावर दोन्ही मतं लिहिली आणि सांगितलं, “आता पुढचा अर्धा तास मत सांगायचं नाही. ज्या वाक्यामुळे हे मत झालं ते वाक्य वाचून दाखवायचं, आणि ते वाक्य कोण बोलतंय ते सांगायचं: पोस्टमास्तर, रतन की निवेदक?”

वर्ग गप्प झाला. पानं उलटण्याचा आवाज येऊ लागला. हा गप्पपणा मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुष्कळ शिक्षक तो सहन करू शकत नाहीत आणि स्वतःच बोलायला लागतात. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

पहिलं वाक्य ‘स्वार्थी’ म्हणणाऱ्या गटाकडून आलं, आणि ते पैशाचं किंवा निरोपाचं नव्हतं. एका मुलीने अंघोळीच्या पाण्याचा प्रसंग वाचला. पोस्टमास्तरला कलकत्त्याच्या सवयीप्रमाणे साठवलेल्या पाण्याने अंघोळ करायची असते. तो सकाळी किती वाजता निघणार, हे विचारायचं रतनला धाडस होत नाही, म्हणून तिने रात्रीच नदीवरून पाणी आणून ठेवलेलं असतं. ती मुलगी म्हणाली, “आदल्या रात्री तो तिला हसला. आणि तीच मुलगी त्याच रात्री नदीवर जाऊन पाणी आणते.” एवढं बोलून ती थांबली. स्वार्थी हा शब्दही तिने वापरला नाही. कथेतल्या दोन गोष्टी तिने शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

मग दुसऱ्या गटातला एक मुलगा म्हणाला, “पण पाणी तयार आहे हे बघून त्याला काय वाटलं, ते कुठे लिहिलंय?” सगळ्यांनी शोधलं. अंघोळ करून तो रतनला बोलावतो आणि सांगतो, माझ्या जागी येणाऱ्या माणसाला सांगून जाईन, तो तुझी काळजी घेईल. आतापर्यंत मुकाट सगळं सोसणारी रतन या वाक्याला रडते आणि म्हणते, कोणाला काही सांगू नका, मला इथे राहायचंच नाही. मुलाला हवं असलेलं वाक्य काही मिळालं नाही. पण ते शोधताना त्याच्या लक्षात आलं की पोस्टमास्तर बोलतो ते प्रेमानेच. निवेदकाला त्या बोलण्यात दुष्टपणा दिसत नाही, आणि तरीही ते शब्द रतनला सगळ्यात जास्त लागतात. त्याने हे कबूल केलं आणि पुढे विचारलं, “मग ज्याने मुद्दाम दुखावलं नाही, त्याला दोषी कसं म्हणायचं?” हा प्रश्न वर्गाच्या सुरुवातीच्या भांडणापेक्षा कितीतरी पुढचा होता, आणि तो पानं उलटल्यामुळे आला होता.

न सांगितलेलं कारण

प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

‘त्याचा काय दोष’ म्हणणाऱ्यांची सगळी भिस्त एका गोष्टीवर होती: रतनला घरी नेणं अशक्यच होतं. मॅडमनी विचारलं, का अशक्य होतं? उत्तरं भराभर आली. लोकलाज. मुलीची जात वेगळी असेल. राजीनामा दिल्यावर नोकरी नव्हती. घरात आईने विचारलं असतं. मुलगी लग्नाच्या वयाची होती. मॅडमनी ही कारणं फळ्यावर एकाखाली एक लिहिली आणि म्हणाल्या, “आता प्रत्येक कारणासमोर पानाचा नंबर लिहूया.”

एकाही कारणासमोर नंबर लिहिता आला नाही. त्या जागी कथेत फक्त एवढंच आहे की कोणकोणत्या कारणांनी हे अशक्य होतं, ते त्या मुलीला समजावून सांगण्याची पोस्टमास्तरला गरज वाटली नाही.

मधल्या रांगेतला एक मुलगा, जो तोवर काहीच बोलला नव्हता, हळूच म्हणाला, “मॅडम, तिलाही सांगितलं नाही आणि आपल्यालाही सांगितलं नाही.”

माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. निवेदक सर्वज्ञ आहे. तो रतनच्या मनात शिरतो, पोस्टमास्तरच्या मनात शिरतो, त्याच्या एकटेपणाचं आणि आजारपणातल्या व्याकुळतेचं वर्णन करतो. तोच निवेदक या एका जागी कारणांवर पडदा टाकतो आणि वाचकाला रतनच्या शेजारी नेऊन बसवतो. पोस्टमास्तरचं ते हसणं आणि ते उत्तर रतनच्या कानात रात्रभर घुमत राहतं. कारण तिला कळलेलं नाही, आणि वाचकालाही नाही. वर्गातला प्रत्येक जण ती मोकळी जागा आपापल्या समजुतीने भरत होता आणि मग त्या भरलेल्या गोष्टीवरून भांडत होता.

इथे एक सावधगिरी हवी. फळ्यावरची कारणं कथेत नाहीत म्हणून ती खोटी ठरत नाहीत. ज्या वर्षी ही कथा छापून आली त्याच १८९१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा झाला आणि शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करण्यात आलं. त्यावरून केवढं वादळ उठलं होतं हे सर्वश्रुत आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीबद्दल ‘लग्न जमण्याची फारशी शक्यता दिसत नाही’ अशा अर्थाचं वाक्य कथेच्या सुरुवातीलाच येतं, आणि त्या वेळच्या वाचकाला त्याचं वजन आपल्याहून वेगळं वाटलं असणार. मॅडमनी हा संदर्भ दिला, पण मुलांनी मोकळी जागा ओळखल्यानंतर. हा क्रम मला अचूक वाटतो. आधी दिला असता तर ‘त्या काळी असंच होतं’ या चार शब्दांत चर्चा आटोपली असती.

आणि मग काही मिनिटांतच त्या ‘अशक्य’लाच तडा गेला. एका मुलीने शेवटचं पान उघडून विचारलं, “नावेत बसल्यावर त्याला वाटतं की परत जावं आणि त्या अनाथ मुलीला बरोबर घेऊन यावं. मग रात्री जे अशक्य होतं ते सकाळी शक्य कसं झालं?”

यावर खरी चर्चा झाली. एकाने सुचवलं की त्याला तेव्हा कुठे रतनचं दुःख दिसलं. दुसरीने वाक्यांचा क्रम दाखवला: परतण्याची इच्छा होते तोवर शिडात वारा भरलेला आहे, पावसाळी नदीला ओढ आहे, गाव मागे पडलं आहे, काठावरचं स्मशान दिसू लागलं आहे. तिचं म्हणणं, “परत जाता येणार नाही असं झालं, म्हणूनच परत जावंसं वाटलं.” पहिल्याला हे पटलं नाही. त्याने दाखवलं की निवेदक पोस्टमास्तरच्या वेदनेची थट्टा करत नाही, एका साध्या खेडवळ मुलीचा चेहरा त्याला साऱ्या जगाच्या मुक्या दुःखासारखा दिसतो असं सांगतो, आणि हे वाक्य तर मनापासूनचं वाटतं. दोघांकडेही वाक्यं होती. दोघंही कथेबद्दल बोलत होते.

न टिकलेलं वाचन

मधेच एकाने ही एकतर्फी प्रेमाची कथा आहे असं मांडलं. काही जण हसले. मॅडमनी हसणाऱ्यांना थांबवून त्याला पुरावा विचारला. त्याने रतनचं रडणं आणि पळून जाणं दाखवलं. मग वर्गाने उलट बाजूची वाक्यं काढली. आजारपणात ती मुलगी मुलगी राहिली नाही, तिने आईची जागा घेतली, असं निवेदक स्पष्ट म्हणतो. ती त्याला दादाबाबू म्हणते. आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे तिचा प्रश्न. ती विचारते ते घराबद्दल: तुमच्या घरी न्याल का? ज्या घरातल्या आईला आणि ताईला तिने कधी पाहिलेलं नाही, ते घर तिने ऐकून ऐकून मनात उभं केलं आहे आणि तिला तिथे राहायला जायचं आहे.

मॅडम म्हणाल्या, “हेही एक वाचन आहे, आपण ते नोंदवून ठेवू.” इथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे आणि तो मी नंतर त्यांना बोलूनही दाखवला. हे वाचन कथेपुढे टिकत नाही, आणि तसं वर्गात स्पष्ट म्हणायला हवं होतं. तो मुलगा ते ऐकून घेण्याइतका समंजस होता. पुरावे समोर आल्यावर तो स्वतःच मान हलवत होता. ‘प्रत्येकाचा अर्थ वेगळा’ हे वाक्य ऐकायला उदार वाटतं, पण त्यामुळे विद्यार्थ्याने मांडलेल्या मताला काही किंमतच उरत नाही. कथेत अनेक अर्थ असू शकतात आणि तरीही काही अर्थ तिच्यात बसत नाहीत. या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच तासात कळायला हव्यात. मॅडमचं म्हणणं होतं की पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्याला लगेच खोडलं तर तो पुन्हा बोलत नाही. त्यांना तो वर्ग रोज सांभाळायचा आहे, म्हणून हे म्हणणं मी कमी लेखत नाही. माझं मत मात्र बदललेलं नाही.

शेवटचा परिच्छेद आणि बाहेरून आलेले दोन पुरावे

दुसरी तासिका जवळजवळ पूर्ण शेवटच्या परिच्छेदावर गेली. नावेतल्या पोस्टमास्तरला तत्त्वज्ञान सुचतं: आयुष्यात असे किती वियोग, किती मृत्यू येतात, परत जाऊन काय उपयोग, या जगात कोण कोणाचं! रतनला मात्र असं कुठलंच तत्त्वज्ञान सुचत नाही. ती पोस्ट ऑफिसभोवती रडत फिरत राहते. दादाबाबू परत येईल, अशी पुसट आशा कदाचित तिच्या मनात असावी. आणि मग निवेदक एकदम बोलू लागतो: हाय रे बुद्धिहीन मानवी हृदय! चुकीची समजूत सुटत नाही, मनाला शहाणपण उशिरा येतं, आणि ते येताच मन दुसऱ्या भ्रमाच्या जाळ्यात पडायला आतुर होतं.

हे कोणाला उद्देशून आहे? बहुतेकांना वाटलं, रतनला. एका मुलीला राग आला. “ज्याने सोडलं तो शहाणा आणि जी थांबली ती बुद्धिहीन?” तिचा राग रास्त होता, आणि या वेळी तो एका वाक्यावर बोट ठेवून आला होता. त्यावर मघाशी वाक्यांचा क्रम दाखवणाऱ्या मुलीने सुचवलं की निवेदक ‘मानवी’ हृदय म्हणतो, त्यात पोस्टमास्तरही येतो. त्याचं तत्त्वज्ञानही एक भ्रमच आहे, फक्त तो शिकलेल्या माणसाचा भ्रम आहे. मला हे वाचन जास्त भरीव वाटतं, कारण ते आधीच्या वाक्यांशी जुळतं: तत्त्वज्ञान शिडात वारा भरल्यावर येतं, त्याआधी नाही. पण एक गाठ उरतेच. परिच्छेदात भ्रमाचं सगळं वर्णन आशेचं आहे, आणि आशा रतनला आहे. ही गाठ वर्गात सुटली नाही. मॅडमनी ती सोडवून दाखवायचा आव आणला नाही.

एका मुलाने विचारलं, टागोरांना स्वतःला काय म्हणायचं होतं? हा प्रश्न प्रत्येक कथेला येतोच. मॅडमनी त्याला बगल न देता माहिती दिली. टागोर जमिनदारीच्या कामासाठी शहाजादपूरला राहत असत, तेव्हा तिथल्या कोठीच्या खालच्या मजल्यावरच पोस्ट ऑफिस होतं. १८९२ च्या एका पत्रात त्यांनी लिहिलं आहे की दुपारी वरच्या मजल्यावर बसून आपण ही कथा लिहिली, आणि ती ‘हितवादी’त आल्यावर तिथले पोस्टमास्तर तिचा उल्लेख करून लाजत लाजत पुष्कळ हसले. वर्ग खूश झाला. मग मॅडमनी विचारलं, “आता सांगा, यावरून शेवटच्या परिच्छेदाचा अर्थ ठरतो का?” ठरत नाही, हे मुलांनीच सांगितलं. कथा कुठून आली ते पत्रातून कळतं. शेवटी निवेदक कोणाशी बोलतो हे कथेलाच विचारावं लागतं.

दुसरा पुरावा एका मुलीने आणला. तिने सत्यजित राय यांचा १९६१ चा ‘तीन कन्या’ पाहिला होता, ज्याची पहिली गोष्ट हीच आहे. तिथे रतन पाय धरत नाही. पैसे हातात घेऊन उभ्या असलेल्या पोस्टमास्तरच्या बाजूने ती पाण्याची बादली घेऊन निघून जाते. निवेदकाचं भाष्य तिथे नाहीच. त्या मुलीचं म्हणणं, सिनेमात रतनचा मान राहतो. यावर बोलायला वेळ उरला नव्हता, ही चुटपुट मला लागून राहिली. सिनेमाने कथेचा शेवटचा परिच्छेद काढून टाकला याचा अर्थ राय यांनाही तिथे काहीतरी सोडवायचं होतं, आणि वर्ग ज्या गाठीशी अडला होता तिच्याशी याचा थेट संबंध होता.

लेखी उत्तरांत काय उतरलं

पुढच्या आठवड्यात मुलांनी दोन पानं लिहून दिली आणि मॅडमनी ती मला वाचायला दिली. ज्यांनी वर्गात वाक्य वाचून दाखवलं होतं, त्यांच्या लेखनात अवतरणं आणि त्यांच्यावरचं भाष्य दोन्ही आलं होतं. जे फक्त ऐकत होते त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी पुन्हा निकालच लिहिला, फक्त आता तो ‘पोस्टमास्तर परिस्थितीचा बळी आहे’ असा मवाळ झाला होता. म्हणजे चर्चेचा फायदा बोलणाऱ्यांना झाला आणि ऐकणाऱ्यांना तितका नाही. यावर उपाय म्हणून मॅडम आता चर्चेआधी पाच मिनिटं देतात. प्रत्येकाने कथेतलं एक वाक्य निवडून, ते का निवडलं हे एका ओळीत लिहायचं, आणि कोणाचंही नाव पुकारलं तर ते वाचून दाखवायचं. न बोलणाऱ्याच्याही हातात काहीतरी असतं.

राहता राहिली परीक्षा. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न येतो तो ‘पोस्टमास्तरचे व्यक्तिचित्र रेखाटा’ किंवा ‘कथेतून लेखकाला काय सांगायचे आहे ते स्पष्ट करा’ असा. दोन तासिका खपून जे शिकवलं ते हा एक प्रश्न मागे खेचतो, कारण गुण निकालाला आणि तात्पर्याला असतात हे मुलांना पक्कं ठाऊक आहे. विद्यापीठाचा प्रश्न मॅडमच्या हातात नाही, पण अंतर्गत चाचणीचा आहे. त्यांनी या वेळी असा प्रश्न काढला: ‘“ते कसं शक्य आहे” असं पोस्टमास्तर म्हणतो. हे का शक्य नाही याविषयी कथा काय सांगते आणि काय सांगत नाही? कथेतल्या किमान तीन वाक्यांच्या आधारे लिहा.’ उत्तरं तपासायला दुप्पट वेळ लागला, असं त्या म्हणाल्या. पुढच्या सत्रातही त्या असेच प्रश्न काढणार आहेत.